उस्मानपुऱ्याचे रेकॉर्डिंगमामा

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्या सहा वर्षांच्या ऑपरेशनांच्या फिल्मा मी एका दुपारी पुसून टाकल्या, आणि वर चहा मागवला. तेव्हा मी ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होते. पन्नाशीची, आणि कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट देवघराशेजारी टांगणारी. अशा बाईला कुणी अडवत नाही. ऑपरेशनांच्या फिल्मा काढून सांभाळणाऱ्या रेकॉर्डिंगमामांनी अडवलं असतं, पण ते लेकीच्या लग्नासाठी रजा घेऊन गावी, शेंद्र्याला गेले होते.

मामा आधी लग्नांचं शूटिंग करायचे. "सिस्टर, तिथं चेहरा सुटला तर शिव्या, इथं चेहरा आला तर शिव्या," म्हणायचे. दुर्बीण पोटात गेल्याशिवाय ते बटण दाबत नसत. फाइलवर फक्त नंबर. बाईचं नाव त्यांच्या कुलपातल्या वहीत. "तिच्या सासूला जे ठाऊक नाय, ते कॉम्प्युटरला कशाला सांगायचं?"

कॉपी केलेली प्रत्येक फिल्म ते उघडून बघत: थोडी सुरुवातीची, थोडी मधली, थोडी शेवटची. मी टोमणा मारायची, "मामा, पिक्चर संपला का?" मान न वळवता ते म्हणत, "कॉपी झाली म्हणू नका सिस्टर, उघडली म्हणा."

ते रजेवर असताना नवी हार्ड डिस्क आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत होत्या त्या सगळ्या फायली मी तिच्यात टाकल्या. मिनिटभरात काम फत्ते! हा माणूस उगाच दिवस दिवस घालवतो, असं म्हणत मी जुनी डिस्क कोरी केली. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता. फिल्म इथं नाही, जुन्या डिस्कवर आहे, एवढंच तो सांगत होता. मी पाट्या नेल्या आणि घर पाडलं.

मामा परतले त्याच सकाळी फुलंब्रीची एक बाई आली. आधीच्या ऑपरेशनात तिच्या गर्भनळ्या कशा दिसल्या होत्या, ते पाहून डॉक्टर मॅडम पुढचं ठरवणार होत्या. तिची फिल्म उघडेना. मग एकही उघडेना. पुन्हा दुर्बीण घालावी लागेल म्हटल्यावर ती एवढंच बोलली, "परत भूल द्यायची का?"

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "डिस्क कुणाच्या ताब्यात असते?"

मामांनी पडद्यावरचे बाण पाहिले. मग एकदा माझ्याकडे.

"माझ्या," म्हणाले.

मी हातमोज्यांचे खोके नीट लावत राहिले. ते आधीच नीट लावलेले होते.

त्याच आठवड्यात मामांना काढलं. मला पुढं निवृत्तीच्या दिवशी शिस्तीबद्दल शाल मिळाली. ती मी दोन्ही हातांनी घेतली. शाल लई ऊबदार आहे, पण अंगावर घेववत नाही.

शेवटी मागल्या वर्षी धीर करून शेंद्र्याला गेले. उशीर झाला होता. मामा सहा महिन्यांपूर्वीच वारले होते. दारातच त्यांच्या बायकोला सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "व्हय, कुणी केलंय हे त्यांना ठाऊक व्हतं. नाव नाय सांगितलं कधी. काम सुटल्यापास्नं निस्तं रोज घरी आले की इचारायचे, दवाखान्यातून फोन आलता का."