चारशे रुपयांची विहीर

"चुना!" मी ओरडलो.

वरवट बकालच्या विहिरीत, जमिनीपासून वीस हात खाली, मचाणावर मी एकटा बसलो होतो. हातात थापी, समोर अर्धा थर, आणि वरून चुन्याची तगारी काही येईना. पुन्हा ओरडलो. तेव्हा काठावर किसनाचं डोकं दिसलं. किसना म्हणजे माझ्या टोळीचा मुकादम.

"चुना संपला का बे?"

"चुना हाय ना जी. माणसं नाहीत."

माणसं कुठं गेली, ते त्यानं मी दोर धरून वर येईपर्यंत सांगितलं नाही. शहाणा माणूस.

"सोनाळ्याले गेले. उस्मानमिस्त्रीच्या कामावर."

बाकी कोणाचंही नाव त्यानं घेतलं असतं तर मला राग आला असता. उस्मानभाईंचं घेतलं म्हणून जळफळाट झाला. दोन्हींत फरक आहे. राग संध्याकाळपर्यंत उतरतो.

आता थोडं धंद्याचं सांगतो. विहीर खणणं वेगळं आणि बांधणं वेगळं. आमच्या भागात वर काळी माती. नुसती खणून सोडली तर एकदोन पावसाळ्यांत ती ढासळते आणि विहीर बुजते. म्हणून तळापासून वरपर्यंत आतून दगडचुन्याचा गोल काठ चढवावा लागतो. हे काम फक्त उन्हाळ्यात होतं, पाणी तळाला गेल्यावर. मोठी विहीर असली की दोन उन्हाळे लागतात. हे दोन उन्हाळे ध्यानात ठेवा. मी ठेवले नव्हते.

मी जळगाव जामोदचा. तरुणपणी बुलढाण्याला एका ओव्हरसियरच्या हाताखाली दोन वर्षं टेपचं दुसरं टोक धरलं होतं. तेवढ्या पुण्याईवर मी स्वतःला इंजिनिअर समजत असे. एस्टिमेट लिहीत असे, तेही लाल शाईनं. लोक मला ओव्हरसियर म्हणत. ते थट्टेनं म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

उस्मानभाईंना सही येत नव्हती. पण पंचक्रोशीतली चांगली विहीर म्हणजे त्यांच्या हातची. मी कुठंही कामाला गेलो की कोणीतरी म्हातारा आत डोकावून म्हणायचा, "उस्मानमिस्त्रीसारखी झाली बरं का!" ती स्तुती असायची. मला ती महिनाभर टोचायची.

तर वरवटच्या गावविहिरीचं काम निघालं. तिथल्या जुन्या विहिरींचं पाणी खारं. एका जागी गोड पाणी लागायची आशा होती आणि गावानं वर्गणी जमवली होती. पाटलांनी आम्हां दोघांना बोलावलं. उस्मानभाई त्यांच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, "बारा खंडी जवारी. अर्धी बुड बांधल्यावर, अर्धी काम झाल्यावर."

त्या दिवशी खंडीचा भाव पस्तीस रुपये. म्हणजे चारशे वीस. मी खिशातून लाल शाईची वही काढली, उगीच दोन पानं उलटली आणि म्हणालो, "चारशे रुपये. रोख. जवारी मोजत बसायचा जमाना गेला, पाटील."

पाटील तरी घुटमळले. त्यांचं मन उस्मानभाईंकडं ओढत होतं, ते मला दिसलं आणि ते मला सहन झालं नाही. मी स्टँपपेपर मागवला. कोणी सांगितलेलं नसताना त्यात स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: "बाजारभाव चढो वा उतरो, मी एक पैसाही वाढवून मागणार नाही."

उस्मानभाईंनी ती ओळ दुसऱ्याकडून वाचून घेतली. माझ्याकडं पाहिलं. "बढिया," एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. मला वाटलं, जिंकलो.

पहिल्या उन्हाळ्यात खोदाई झाली, बुड बसलं, अर्धी उंची बांधून झाली. मला दोनशे मिळाले. पावसाळ्यात काम थांबलं. आणि त्या वर्षभरात महायुद्धानं बाजार असा चढवला की दुसऱ्या उन्हाळ्यात खंडीचा भाव शंभराच्या पुढं. चुना महाग, गाडीभाडं महाग. करारातला आकडा मात्र होता तिथंच बसलेला.

मी मजुरी चार आण्यांवरून सहा आणे केली होती. स्वतःला दानशूर समजत होतो. त्या दुपारी विहिरीच्या काठावर किसनानं माझं दातृत्व मोजून दाखवलं.

"मिस्त्री, मागल्या साली चार आण्यात दीड पायली जवारी येऊन वरून मिठाले पैसा उरे. आता तुमच्या सहा आण्यात एक पायलीबी येत नाही. घरी सहा तोंडं हायेत."

"पण मी तर मजुरी दीडपट केली ना बे!"

"केली ना जी. जवारी तिप्पट झाली."

"आणि उस्मानभाई काय देतात?"

"दीड पायली. मागल्या सालीबी दीड, औंदाबी दीड."

सोनाळ्याचं काम त्यांनी घेतलं होतं बारा खंडी जवारीतच. माझ्या डोळ्यांपुढं ती पोती उभी राहिली. एकेक पोतं मी मनात उचलून पाहिलं.

मी तडक पाटलांकडं गेलो. "उरलेले दोनशे जवारीत द्या. कराराच्या दिवशीच्या भावानं."

पाटील आत गेले, कागद घेऊन आले. "माया चष्मा सापडून नाही राह्यला. तुमीच वाचा."

वाचलं.

"त्या शेवटच्या ओळीचं ऐकू नाही आलं."

पुन्हा वाचलं.

"अक्षर झकास हाय तुमचं," पाटील म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "ओव्हरसियर, पाऊस महिन्यावर आला. वरचे वीस हात कच्चे हायेत. ते ढासळले तं खालचं बांधकामबी जाते आन् गावाची वर्गणीबी. बायामाणसायनं जलमभर खारंच पाणी भरावं काय? विहीर बुजली तं मंग तुमाले या मुलखात चूल मांडाले बी कोणी बलावणार नाही."

ते खरं होतं. दोनशे रुपयांत पूर्वी जवळजवळ सहा खंडी आली असती, आता दोनही येत नव्हती. तेवढ्या पैशांत वीस हात बांधकाम कोणी करून देणार नव्हतं.

शहाण्यानं अशा वेळी सोनाळ्याला जाऊन मदत मागितली असती. मी सोनाळ्याला गेलो, पण खोट काढायला. मनात पक्कं केलं होतं की माणसाला एवढं सुख मिळतं म्हणजे तो काम तरी वाईट करत असणार. सायकल बाभळीला टेकवली. भर दुपारी टोळी जेवायला गेलेली. मी खिशातून ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते सांगतं. पालथा पडून मी तो उस्मानभाईंच्या विहिरीत सोडला आणि कुठं बोटभर तरी फट दिसते का, ते पाहू लागलो.

दिसेना. दुसऱ्या बाजूनं सोडला. तिथंही नाही. तिसऱ्या बाजूला सरकलो तेव्हा मागून आवाज आला.

"चौथी बाजूबी पाहून घ्या, ओव्हरसियर साहब. तिथं दगड जरा आडमुठा होता."

उस्मानभाई खाटेवर बसून भाकर खात होते. बहुतेक पहिल्या बाजूपासून पाहत असावेत. मी कपडे झटकले. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "उस्मानभाई, भाव वाढणार हे तुम्हाले कोणी सांगितलं होतं?"

"मले? मले कोण सांगीन?" ते हसले. "भाव उतरलाबी असता. मंग तुमी मजा केली असती."

"मग जवारीच काऊन मागता?"

"माये मजूर जवारी खातेत ना. मले जे देणं हाय, तेच मी मागतो. मंधात रुपया कायले घुसवू? त्याचं मोल आज एक, उद्या दुसरं. त्याले सांभाळाले मी काय सावकार हाओ?"

एवढं साधं. मी लाल शाईच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या आणि हे मला सुचलं नव्हतं. पाणी मागितलं, प्यालो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा संपवला.

"इथलं काम चार रोजात होते. मंग टोळी घेऊन येतो तिकडं. जवारी मायी."

"मी उरलेले दोनशे तुम्हाले देतो."

"ते राहू द्या. चुन्यावाल्याचे आन् गाडीवाल्यायचे देणे असतीन ना? जे उरन ते ठेवून ठेवून बारीक होईन. मले नोको. पुढच्या उन्हाळ्यात तुमी माया कामावर या. थापी धरा. अडीच पायली रोज. तुमच्या विहिरीवर मी जेवढी जवारी मोजीन तेवढी तिथं फेडा."

टेप धरलेल्या माणसानं रोजानं थापी धरायची, आणि तीही उस्मानभाईंच्या हाताखाली! दुसरा इलाज नव्हता. मान डोलावून "हाव" म्हणालो.

ते आले. बावीस दिवसांत वरचे वीस हात चढले. मी थर लावत होतो आणि मधूनच त्यांच्या हाताकडं पाहत होतो. दगड ते एकदाच फिरवायचे. मी तीनदा. मत्सरानं हात सुधारत नाही, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

पाऊस आला. विहीर टिकली. पाणी गोड निघालं. पाटलांच्या आईनं पहिला तांब्या भरून वर काढला आणि मी हात पुढं केला. तिनं तो माझ्या हाताच्या बाजूनं नेऊन उस्मानभाईंना दिला. करार माझा, एस्टिमेट माझं, खालचे वीस हात माझे. तरीही वरवटात त्या विहिरीला आजवर उस्मानमिस्त्रीची विहीर म्हणतात. एकदा एका पोराला मी खरं काय ते सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "मंग तुमी काय केलं बावा?" आता काय सांगणार! चारशे रुपये घेतले म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे त्यांच्या कामावर गेलो. देणं फिटल्यावरही सहा आठवडे राहिलो, कारण अडीच पायलीप्रमाणे घरी जवारी येऊ लागली होती. माझी बायको पोत्यावर हात ठेवून म्हणाली, "त्यायच्याकडंच राहा ना आता." तिच्या तोंडी त्यांचं कौतुक ऐकून मला पुन्हा पोटदुखी झाली, पण त्या जवारीची भाकर मी रोज चार खाल्ली.

तेव्हापासून कोणी कंत्राट घेण्याआधी सल्ला मागायला आलं की मी एवढंच विचारतो: काम होईपर्यंत तुम्हाला रोज काय द्यावं लागणार आहे? तेच मागा. आणि कोणी न विचारता कागदात जास्तीची ओळ घालू नका, अक्षर कितीही चांगलं असलं तरी.