सावंतकाकूंचा कोपरा

“ह्यां काय गो? कोणी दौत सांडल्यान?”

सावंतकाकूंनी माझ्या टेबलावरचा नमुना दोन बोटांनी उचलला आणि सुनेला विचारलं. मला नाही. मी समोरच उभी होते, पण त्यांच्या लेखी मी आरोपी होते.

“आई, ॲबस्ट्रॅक्ट आहे ते,” रुचा म्हणाली.

“धबधब्यात निदान पाणी तरी दिसता.”

हा धबधबा म्हणजे माझा प्रतिस्पर्धी. सावंत मंडळी नायगावच्या बीडीडी चाळीतून नुकतीच नव्या टॉवरमध्ये राहायला गेली होती. हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी काकूंनी धबधब्याची सिनरी आणून ठेवली होती. प्लग लावला की पाणी वाहतं आणि पक्षी ओरडतात. रुचा मात्र हट्टाला पेटली होती. पहिल्यांदा भेटायला आली तेव्हाच म्हणाली, “ताई, चाळीत भिंत म्हणजे मांडणी, देव, कॅलेंडर आणि हँगर. आयुष्यात पहिल्यांदा मला एक रिकामी भिंत मिळालीय हो. तिच्यावर एक तरी गोष्ट माझ्या आवडीची असू दे.” सांगताना तिचे डोळे भरले आणि मी तिथेच तिच्या पक्षात सामील झाले. घरात तह असा ठरला, की रविवारच्या सत्यनारायणाला चित्र लागलं तर चित्र, नाहीतर धबधबा कायमचा.

मी वुडकट करते. गिरगावात आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा स्टुडिओ आहे. वुडकट म्हणजे लाकडाची फळी कोरून केलेला ठसा. कोरलं ते पांढरं राहतं, उरलं त्यावर रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि दाब द्यायचा. माझी चित्रं कशाची नसतात. झाड नाही, बैल नाही. त्या वेळी मनात जे उसळत असतं ते मी छिन्नीने फळीवर काढते. रुचाच्या भिंतीसाठी मी दरवाजाएवढी फळी कोरली होती आणि कोरताना मला फार मजा आली होती.

माझा प्रेस लहान आहे. मोठं काम मी वाढायच्या डावाच्या पाठीने हाताने घासून छापते. पण त्याच आठवड्यात जिन्यावर पाय घसरला आणि मनगट पट्ट्यात गेलं. त्या मापाचा कागद एकच होता. तो कोणा नवख्याच्या हातात द्यायला माझा जीव होईना.

वाट काढली नीलाने. ती आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तिचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. श्रावणात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तालीम आमच्याच पॅसेजमध्ये चालते.

“दाबच हवाय ना तुला?” ती म्हणाली. “आमच्या बायकांचं वजन काय वाया घालवायचं?”

“नीला, एकच कागद आहे.”

“मग एकदाच नाचू!”

म्हणून त्या दिवशी स्टुडिओत हा सगळा तमाशा. मधोमध जमिनीवर शाई लावलेली फळी. वर कागद, एका कडेला पिनांनी घट्ट बसवलेला. त्यावर जाड सतरंजी. भोवती नऊवारी खोचून, पाय धुऊन तयार असलेल्या बायका. आणि खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन सावंतकाकू, “बघून तर येऊ” म्हणून आलेल्या.

मी नियम सांगितला. “गिरकी नाही. पाय घासायचा नाही. कागद जरा सरकला तरी ठसा दुहेरी उठेल आणि सगळं गेलं. पाय सरळ खाली आपटायचा.”

“म्हणजे झिम्मा,” नीला म्हणाली आणि तिने गाणं धरलं.

काय सांगू! टाळ्या आणि पाय एका ठेक्यात पडायला लागले. वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन खिडकीतून डोकावले. मी पट्ट्यातला हात छातीशी धरून “हळू गं, हळू!” ओरडत होते आणि हसतही होते. काकू मात्र नाक मुरडून बसल्या होत्या.

“ह्यो नाचतत काय पापड लाटतत?” त्या रुचाच्या कानात म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

थोड्या वेळाने मी सगळ्यांना थांबवलं. सतरंजी दुमडून कागद एका टोकाने अलगद उचलून पाहिला. मधला भाग झकास उठला होता. पण बायका गोल धरून नाचल्या होत्या. खालचा उजवा कोपरा पार फिकट, भुरका. चित्राचा सगळा तोल त्या कोपऱ्यावर होता. रुचाने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. नीलाचा ग्रुप घामाघूम होऊन भिंतीला टेकला होता.

“कोपरो रवलो,” काकू म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. “मी बघते काहीतरी.”

“तू काय बघतलंस, हात मोडलेलो! सरा बाजूक.”

त्यांनी पर्स रुचाच्या हातात दिली, चपला काढल्या, पाय धुतले, पदर खोचला. मी धावत कागद आणि सतरंजी पुन्हा बसवली. काकू त्या कोपऱ्यावर उकिडव्या बसल्या, हात गुडघ्यांवर ठेवले आणि कोंबडा घातला. कोंबडा म्हणजे बसल्या बसल्या उड्या मारायची फुगडी. तोंडाने घुमणारा आवाज, आणि प्रत्येक उडीला जमीन दणाणतेय!

“आई, गुडघे!” रुचा किंचाळली.

“गुडघे माझे आसत. गप रव!”

नीलाचा ग्रुप टाळ्यांनी ताल धरू लागला. काकू थांबल्या तेव्हा धापा टाकत होत्या आणि पोरीसारख्या हसत होत्या. “गावाक गणपतीत माझ्यासमोर कोण टिकत नसा,” त्यांनी मला सांगितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्यावर न डाफरता.

कागद सोलून काढला. मला सपाट, एकसारखा काळा हवा होता. तो मिळाला नाही. टाचांचे गडद, चवड्यांचे हलके असे काळ्यातच कितीतरी काळे उठले होते, आणि कोपरा तर मखमलीसारखा दाट. इतका जिवंत ठसा माझ्या हाताने कधी उठला नव्हता. मी रुचाला मिठीच मारली, शाईच्या हाताने.

शाई लवकर वाळावी म्हणून तिच्यात ड्रायर मिसळला होता, दोन पंखे सतत चालू ठेवले. रविवारी चित्र भिंतीवर लागलं. मी प्रसादाला गेले तेव्हा एक पाहुणे मान वाकडी करून विचारत होते, “हे नक्की आहे काय?”

रुचा तोंड उघडणार, तेवढ्यात काकू शिऱ्याची वाटी घेऊन मध्ये आल्या.

“तो काळो कोपरो दिसता? तो माझो. मी कोंबडो घातलंय थंय. नीट बघा, समजात.”

रुचाने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी खो खो हसत सुटलो. धबधबा आतल्या पॅसेजमध्ये लागलाय, पक्ष्यांसकट.

पूर्वी मी ग्राहकांना ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे काय ते तासभर समजावत बसायचे. आता चपला काढायला सांगते.