रिकामी बरणी कशी द्यायची

कार्तिकातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर सहा हजार सहाशे रुपये मोजून दिले. हजर तिघे होतो: मी, माझी पत्नी आणि काचेच्या बरण्या घेऊन आलेला टेम्पोवाला. बरण्या तीनशे, दर बावीस रुपये, पत्र्याच्या झाकणासकट. दोन फुटलेल्या निघाल्या, त्या त्याने बदलून दिल्या.

पैसे पत्नीचे होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या पॅकिंग खात्यात तिने अठरा वर्षं काढली. टॉवेलची घडी घालायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवायची, तळहाताने दाबून आतली हवा काढायची आणि तोंड चिकटवायचं. दिवसभर तेवढंच. मग ते काम मशीनवर गेलं आणि हिला घरी बसवलं. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "टॉवेल चार वर्षं पुरतो, पिशवी घरी पोचेपर्यंत. अठरा वर्षं मी कचराच भरत होते की." शेंगाचटणीचा धंदा सुरू करायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती. प्लॅस्टिकला हात लावणार नाही.

चटणी ती उखळात कुटते. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, आणि ते कागदाच्या पुडीतून बाहेर येतं. म्हणून काच. पाव किलोची बरणी ऐंशी रुपयांना, वर दहा रुपये अनामत. बरणी परत आणली की दहा परत. मी पंचवीस घ्यायला सांगत होतो. ती म्हणाली, "गल्लीतल्या बायकांकडून पंचवीस? अहो, त्या मला काय म्हणतील?" दहा ठरले. दाणे, लसूण, तिखट, गॅस हे सगळं जाऊन एका बरणीमागे चौदा रुपये सुटत होते. बरणी परत आली नाही की त्यातले बारा जायचे. पाच-सहा फेऱ्या झाल्या तरच गणित जमणार होतं.

चटणी खपली. गल्लीत खपली, जुन्या कारखान्यातल्या बायकांनी नेली, माझ्या ऑफिसातल्यांनी नेली. माघापर्यंत तीनशेही बरण्या बाहेर गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या चोपन्न.

पहिल्यांदा वाटलं, फुटल्या असतील, नाहीतर लोकांना दहा रुपयांची पर्वा नसेल. एका संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन मीच निघालो. पहिलं घर समोरच्या अक्कांचं. त्यांच्या घरात दोन पिढ्या मागावर विणण्यात गेल्या, आता सगळे घरीच विड्या वळतात. दारातूनच मला त्यांच्या फळीवर चार बरण्या दिसल्या. घासून, पुसून, पालथ्या घातलेल्या.

"काय भाऊ, पिशवी घेऊन? वसुलीला निघालात काय?"

"बरण्या न्यायला आलो, अक्का. तुमचे चाळीस रुपये पण आणलेत."

"चाळीस राहू द्या. बरण्या देते की, पण अशा रिकाम्या कशा देऊ?"

"रिकाम्याच पाहिजेत."

"अगं बाई! वैनींनी भरून दिली आणि मी रिकामी परत पाठवू? माझी सासू वर बसून बघत असेल. नवी चिंच येऊ द्या, लई चांगली चिंच हाय आमच्या गावाकडची. भरून आणून देते."

पुढची सहा घरं फिरलो. शब्द वेगळे, उत्तर तेच. कुणी कुरडया होईपर्यंत थांबलं होतं, कुणी लिंबाचं लोणचं मुरेपर्यंत. बरणी कुणी हरवली नव्हती, कुणी टाकलीही नव्हती. सगळ्या स्वच्छ होत्या आणि फळ्यांवर वाट बघत होत्या. पिशवी घेऊन गेलो तसा परत आलो.

ज्या चोपन्न आल्या होत्या त्यांतल्याही बऱ्याच भरून आलेल्या. लोणच्याच्या बरणीचा वास धुतल्यावर काचेतून जातो, झाकणाच्या आतल्या रबरातून जात नाही. तशा एका बरणीतली चटणी शाळेतल्या एका बाईंनी परत केली, लिंबाचा वास येतो म्हणून. झाकणं नवी घ्यावी लागली. शिवाय जिने कुरडया दिल्या तिला पत्नी वाटीभर चटणी फुकट द्यायची.

मी म्हणालो, "बरणीवर चिठ्ठी लावू. रिकामी आणावी."

"लावा," ती म्हणाली, "आणि खाली माझं नाव नका घालू. मला तोंड दाखवायचंय या गल्लीत."

"मग धंदा कसा चालायचा?"

ती म्हणाली, "मी तरी कुणाचा डबा रिकामा परत दिलाय का कधी?"

दिला नव्हता. आमच्याही फळीवर तिच्या बहिणीचा एक स्टीलचा डबा दोन वर्षं पडून आहे.

फाल्गुनात एका दुकानदाराने चटणीच्या शंभर बरण्या मागितल्या. घरात धड झाकणाच्या बरण्या अकरा होत्या. नव्या घ्यायच्या तर पुन्हा अख्खा टेम्पो, आणि सहा हजार सहाशे रुपये आता तिच्याकडे नव्हते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाऊचवाल्याला बोलवा."

पाऊच आले. जाड, चकचकीत, प्लॅस्टिकचे. दुपारी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि भरायला लागली. चटणी आत घातली, तळहाताने दाबून हवा काढली, तोंड बंद केलं. तिला काही आठवावं लागलं नाही, हात आपोआप चालत होता. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने पाठ फिरवली.

तेवढ्यात समोरच्या अक्का आल्या. पदराखाली एक बरणी, काठोकाठ चिंचेने भरलेली. "बाकीच्या पण आणते, वैनी. चिंच सोलून व्हायचीय." मग त्यांची नजर पाऊचच्या ढिगाकडे गेली. "हे काय? बरण्या बंद केल्या?"

"बंद केल्या, अक्का."

"मग मी ही कशाला..."

"चांगली आहे चिंच," पत्नी म्हणाली. ती उठली, हात धुतले, चिंच मोठ्या डब्यात काढली आणि बरणी नळाखाली धरली. मग पैशांच्या डब्यातून दहाची नोट काढून अक्कांपुढे धरली. अक्का नको नको म्हणत होत्या. हिने त्यांची मूठ उघडून नोट आत ठेवली आणि मूठ मिटली.

त्या दिवशी दिलेले पैसे: पाऊचवाल्याला साडेतीनशे आणि समोरच्या अक्कांना दहा.