फळ्यांमागचे बावीस जोड

आमचे हे प्लंबर. तीस वर्षांत यांनी जे काही जोडलं ते भिंतीत तरी गेलं, नाहीतर बेसिनखाली. तिथं कोण डोकवायला जातंय? पण हट्ट एकच, काम देखणं हवं. भिंतीत पुरायचा पाईपसुद्धा पुसूनबिसून घेतील! घरात बाथरूमचा बल्ब महिनाभर बंद, त्याची मात्र यांना आठवणही नाही.

तर दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्यात माशांची मोठी टाकी बसवायला घेतली. तिचे पाईप भिंतीवरून उघडेच जाणार, पेशंटच्या खुर्च्यांसमोर. झालं! यांना आभाळ ठेंगणं झालं. "आता चार माणसं आपलं काम बघतील गं," हे मला तीनदा सांगून झालं.

मग चार दिवस नुसते त्या पाईपांचे लाड. वरची छापील अक्षरं थिनरने पुसली, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासल्या. पाईप एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात, किती आत जाणार तिथं पेन्सिलीची खूण, खुणेला लागून चिकटपट्टी. मग सोल्युशन, म्हणजे पाईप चिकटवायचा गोंद, लावायचं, पाव वळसा देऊन दाबायचं, अर्धा मिनिट धरून ठेवायचं. ओघळ आला तर पट्टीवर. पट्टी काढली की जोड चकाचक. इतक्या हळुवारपणे मला कधी चहाचा कप दिला नाही या माणसाने.

पाणी सोडायच्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. स्वतः इस्त्रीच्या शर्टात! पंपाजवळच्या एल्बोपाशी नेऊन म्हणाले, "हा बघ. सोल्युशनचा एक थेंब तरी दिसतोय का?" खरंच दिसत नव्हता. डॉक्टरही वाकून बघून "वा" म्हणाले.

पंप सुरू झाला. दोन मिनिटं सगळं झकास. मग तोच एल्बो फट्कन निसटला आणि फवारा थेट डॉक्टरांच्या कोटावर. थेंब दिसणार कुठून? त्याला सोल्युशन लावलंच नव्हतं! मापाला बसतंय का बघायला सगळं आधी कोरडंच जोडलं होतं; हा एवढा छान दिसला की झालाच असं धरून हे पुढं गेले.

"सोल्युशन वाचवलंत वाटतं," मी म्हणाले. मग यांचं तोंड बघितलं आणि जीभ चावली. गुडघ्यांवर बसून, त्या इस्त्रीच्या शर्टात, हे फरशी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी यांनी तो जोड पक्का केला. आजतागायत थेंब गळलेला नाही. पण डॉक्टरांनी धसकाच घेतला. सुताराला बोलावून सगळ्या पाईपांवर फळ्या ठोकून घेतल्या, वर कुंडी ठेवली. हे घरी आले आणि मुकाट्याने बाथरूमचा बल्ब बदलला. मला फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात माझी दाढ ठणकली म्हणून तिथंच जावं लागलं. शेजारच्या बाई कौतुकाने मासे बघत होत्या.

"मासे काय, कुठेही बघायला मिळतात," मी गाल धरून म्हणाले. "खरं काम त्या फळ्यांमागे आहे. बावीस जोड आहेत, एकावरही ओघळ नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघितलेत ना."