पेन्सिलीने केलेली सही

मांडवीतले गंगाराम शिवलकर चित्रं जमवतात म्हटलं की नवा माणूस हमखास विचारतो, कुठल्या देवाची? तीस वर्षं बोटीवर इंजिनाला तेल घालणारा ऑइलर म्हणून काढलेल्या माणसाने घरी घड्याळं आणावीत, अत्तराच्या बाटल्या आणाव्यात. यांनी आणले कागद. परदेशातल्या एका बंदरावर दुकानदाराने त्यांना समजावलं होतं की चित्रकार लाकडावर स्वतः कोरतो, मोजकेच ठसे काढतो, प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घालून सही करतो आणि मग पुन्हा म्हणून त्यावरून छापत नाही. इंजिनरूममध्ये जन्म गेलेल्या माणसाला प्रत्येक वस्तूचा स्पेअर असतो एवढंच ठाऊक. जिला स्पेअर नाही अशी वस्तू त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि तिथेच ते फसले.

आता त्यांच्याकडे त्रेचाळीस प्रिंट आहेत, सगळे आजच्या चित्रकारांचे. पलंगाखालच्या चपट्या पत्र्याच्या पेटीत ते झोपलेले असतात. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून गंगाराम चपलांच्या दुकानांतून सुकवणीच्या पुड्या मागून आणतात. एकही चित्र भिंतीवर नाही, कारण उजेडाने शाई उडते. मोबाईलवर फोटोसुद्धा काढू देत नाहीत. फोटो काढला की नऊच ठसे असलेल्या चित्राची दहावी प्रत झाली, असा त्यांचा हिशेब. त्यांची बायको हौसा म्हणते, माझे पापड सादळले तरी चालतील, यांच्या कागदांना मात्र शिंकसुद्धा यायला नको. गंगाराम ऐकून घेतात आणि पेटी परत ढकलतात.

चिपळूणचा ऋत्विक हा त्यांचा सगळ्यात लाडका चित्रकार. तिशीतला पोरगा, खांद्याला चित्रांची गुंडाळी लावून एसटीने यायचा आणि ओटीवर बसून तासभर गप्पा मारायचा. आईचे हात त्याने लाकडावर कोरले होते. काजूच्या ओल्या बिया सोलून सोलून चिकाने भाजलेले, बोटांच्या पेरांशी सालं निघालेले हात. त्याचे नऊ ठसे काढले, त्यातला एक गंगारामांनी घेतला, ऋत्विकचा त्यांच्याकडे आलेला तो एकच. त्यांच्यासमोरच ऋत्विकने खाली ३/९ घातलं आणि सही केली. ‘क’चा शेपटा तो असा काही वळवायचा की गंगाराम हसायचे.

पुढे तो पूर आला. चिपळूणच्या त्या घरात छतापर्यंत पाणी चढलं. बाकीचे आठ ठसे, लाकडाचा ठोकळा, शाळेपासूनच्या वह्या, सगळं चिखलात गेलं. पुरानंतरच्या तापाने महिन्याभरात ऋत्विकही गेला. मागे उरली आई, सोनूबाई. सरकारी कागदांवर त्याची सही होती, पण ती इंग्रजीत. ती तिला त्याची वाटतच नसे.

गेल्या नवरात्रात तिचा फोन आला. पोराने मराठीत लिहिलेलं त्याचं नाव कुठे आहे का, एवढंच तिने विचारलं. चित्राचं तिला काही नव्हतं, हात तर तिचे तिच्याजवळ होतेच. तिला त्याचं अक्षर हवं होतं.  पेटीतला एक कागद द्यायचा म्हणजे गंगारामांना आतडं तोडून दिल्यासारखं होतं. पण ते म्हणाले, “बाय, ते तुझंच आहे. मी घेऊन येतो.” ती फोनवर रडली, आणि गंगारामांना आयुष्यात काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

नुसतं चित्र हातात काय द्यायचं, ओलीत खराब होईल, म्हणून त्यांनी ते फ्रेम करायचं ठरवलं. बाजारातला दादू त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, गावातले निम्मे देव आणि निम्मे स्वर्गवासी त्यानेच काचेत बसवलेले. गंगारामांनी याआधी एकही प्रिंट फ्रेम केलेला नव्हता, त्यामुळे दादूची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. कोकणात बुरशी धरते ती आधी चित्राच्या कोऱ्या पांढऱ्या कडेला. म्हणून दादू कुठलंही चित्र आलं की पहिलं काम म्हणजे ती कड पात्याने उडवतो. चाळीस वर्षं लोक त्याला त्याबद्दल दुवा देत आले आहेत.

दुसऱ्या दिवशी गंगाराम गेले तेव्हा फ्रेम तयार होती. सुरेख काम. काचेच्या कडेला कड लावून आईचे दोन हात, खाली आकडा नाही, सही नाही. गंगारामांनी विचारलं, कापलेली पट्टी कुठाय? दादूने जमिनीकडे बघितलं. कातरण त्याची बायको पिशवीत भरून नेते आणि सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल त्यावर पेटवते. दोघं धावत दादूच्या घरी गेले. गंगारामांनी गुडघ्यावर बसून चुलीतली राख हातांनी उपसली, कोपरापर्यंत काळे झाले. पट्टीचा एक तुकडासुद्धा शिल्लक नव्हता. दादू रडवेला होऊन माफी मागत होता. त्याने तर चित्र जपायलाच कड कापली होती.

दहा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. सोनूबाई दिवसाआड फोन करायची, कधी येताय? गंगाराम म्हणायचे, फ्रेम होतेय. हौसा म्हणाली, खरं सांगून मोकळे व्हा. त्यांनी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवून दिला. फोटो काढू दिला असता तर निदान अक्षर राहिलं असतं, हे त्यांना सारखं खात होतं. आपल्या हट्टानेच पोराचं नाव पुसलं गेलं असं त्यांना वाटे, आणि ते खोटंही नव्हतं.

अकराव्या दिवशी हौसा बाजारात गेल्यावर त्यांनी पेटी ओढली. दुसऱ्या एका चित्रकाराच्या प्रिंटची वरची कोरी कड त्यांनी स्वतःच्या हाताने कापली. कागद तसाच हवा होता, जाडसर, हातकागद. मग वर्तमानपत्रावर आठवणीने शंभरदा गिरवून त्या पट्टीवर ३/९ घातलं आणि ‘ऋत्विक’ लिहिलं, शेपट्यासकट. इतकं हुबेहूब उतरलं की त्यांना स्वतःचीच किळस आली. दादूने मान वर न करता पट्टी चित्राखाली बसवली.

बाराव्या दिवशी ते चिपळूणला पोचले. सोनूबाईने फ्रेम मांडीवर घेतली, हातांकडे ढुंकूनही बघितलं नाही. काचेवरून तिचं बोट त्या नावावर फिरत राहिलं. मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, चला. कुठे, ते वाटेत रिक्षात सांगितलं. तिच्या आईच्या, आजीच्या हातावर गोंदण होतं. मेल्यावर अंगावरचा सोन्याचा मणीसुद्धा काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. तिला पोराचं नाव पोराच्याच अक्षरात गोंदून घ्यायचं होतं. म्हणून तर ती त्याची सही शोधत होती.

 रिक्षातच सांगू असं गंगारामांनी मनाशी ठरवलं, सांगवेना. गोंदणाऱ्याच्या दुकानाच्या पायरीशी सांगू असं ठरवलं, तोवर ती खुर्चीत बसलीसुद्धा. गोंदणाऱ्याने फ्रेम समोर ठेवली, अक्षर कागदावर उतरवून घेतलं, तिच्या मनगटाच्या वर छापलं आणि सुई चालू केली. ‘ऋ’ झाला. रक्त पुसलं.

“थांब,” गंगाराम म्हणाले. “बाय, हे अक्षर त्याचं नाही. माझं आहे.”

मग भडाभडा सगळं बाहेर आलं, दादू, चूल, कापलेली कड, पेन्सिल. गोंदणाऱ्याने सुई बंद केली. सोनूबाई रडली नाही. तिने विचारलं, खरी सही जळून किती दिवस झाले? गंगाराम म्हणाले, बारा. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. एवढ्या दिवसांत तिने किती जणांना आनंदाने सांगितलं असेल, ते त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

तिने हाताकडे बघितलं. ‘ऋ’ सुजून वर आला होता. तो आता निघणारा नव्हता.

“आर्धा नाव घेऊन मी कुटं जाऊ?” ती गोंदणाऱ्याला म्हणाली. “पुरा कर.”

गंगाराम दाराकडे वळले.

“तुमी जायाचां न्हाय,” तिने त्यांच्याकडे न बघता सांगितलं. “हितं बसायचां. पुरा होईस्तवर बगायचां.”

सुई पुन्हा चालू झाली. गंगाराम तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि बघत राहिले.