आकडीतला हात

कारापूरची भाग्यलक्ष्मी गांवस आमच्या तुकडीत आली तेव्हा तिच्याइतका घट्ट हात कुणाचाच नव्हता. बाटलीचं झाकण अडलं की आम्ही सगळ्या पोलीस बायका तिच्याकडे धावायचो. आणि नेमकी तीच पिस्तुलाच्या चाचणीत दोनदा नापास झाली. आणखी एकदा नापास झाली असती तर हत्यारी बंदोबस्त कायमचा बंद आणि परत ठाण्यात आवक-जावक लिहीत बसायचं. त्या टेबलाचा तिला मनस्वी कंटाळा होता.

नेम वाईट नव्हता हो! पिस्तूल आधीच हातात दिलं तर सगळ्या गोळ्या एका जागी. पण कमरेच्या म्यानातून काढायला सांगितलं की एक गोळी वर, एक डावीकडे, एक कुठल्या कुठे. आमचे उस्ताद गोकुळदास हवालदार पेडण्याचे. एक दिवस ते तिच्या बाजूला उभे राहून नुसता तिचा हात बघत राहिले.

"गो, घरात पाडेली कोण?" त्यांनी विचारलं.

"बाबा. त्यांचे गुडघे गेले, मगे मी चढूक लागलंय."

उस्ताद कपाळावर हात मारून हसले. नारळ पाडणाऱ्याची कोयती कमरेला मागे, लाकडी आकडीत अडकवलेली असते. माडावर एका हाताने खोड धरायचं, दुसऱ्याच्या बोटांनी कोयती उपसायची आणि मूठ वळायची ती हवेत, पेंड म्हणजे नारळांचा घड जिकडे असेल तशी. दर पेंडीला पकड वेगळी. माडावर तेच बरोबर, पण पिस्तुलाला दर खेपेला एकच पकड लागते आणि ती उपसण्याआधी बसावी लागते.

"ह्यां पिस्तूल, कोयती न्हय," उस्ताद म्हणाले. "अंगठ्याकडची बेचकी मुठीच्या एकदम वर दाब. तीन बोटां आतच आवळ. चाप ओढपाचां बोट भायर, सरळ. हात चुकलो तर वर काढू नको. थंयच सोड, परत बसय."

मग काय, रिकामं पिस्तूल घेऊन बाईंनी माझं डोकं खाल्लं. "सेजल, बघ गो, बसलो हात?" जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. बेचकीची कातडी सोलली तरी थांबेना. मी चिडायचे, पण तिच्यासाठी जीव तुटायचा.

चाचणीच्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते. शिट्टी झाली आणि तिचा हात मुठीवर पडला तो खाली, जुन्या सवयीने. बाकीच्यांची पिस्तुलं बाहेर आली. हिने मात्र हात सोडला, परत वर नेला, बेचकी दाबली, बोटं आवळली. तेवढ्यात वेळ संपून पहिलं लक्ष्य वळून गेलं. एक गोळी फुकट! "काढ गो बाये, काढ!" मी दात-ओठ खात पुटपुटत होते.

मग तिने काढलं. पुढच्या सगळ्या गोळ्या छातीच्या चौकटीत, एकमेकींना खेटून.

निकाल वाचताना पास झालेल्यांत तिचं नाव शेवटचं होतं. "हजर" म्हणून तिने हात वर केला तर तो लटलट कापत होता. तिने ओशाळून झटकन खाली घेतला.

"कापूंदे गो," गोकुळदास म्हणाले. "आता कापलो तरी चलता."