जनावरं नसलेली घरं

मिनेसोटात बसून आफ्रिकेतल्या गाईगुरांचा हिशेब मांडणं हा काही वर्षं माझा उद्योग होता, आणि तो कुणाला समजावून सांगायची वेळ आली की मला आधी राग यायचा. आम्ही राहायचो त्या ईडन प्रेरीला कुणाच्या घरी पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायचं जेवण, असलं की ही वेळ हमखास येई. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. तिथे सगळेच सॉफ्टवेअरमध्ये. मला मात्र विचारत.

"वहिनी, तुमचं युनिव्हर्सिटीत एक्झॅक्टली काय चालतं?" ताटात छोले वाढून घेताना पुण्याचा एक जण म्हणाला होता.

"ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स. आफ्रिकेतल्या शेतीचं आणि जनावरांचं मॉडेलिंग करतो आम्ही."

"म्हणजे शेळ्यामेंढ्या? यार, मग अमेरिकेत कशाला आलात? डायरेक्ट तिकडेच जायचं ना!"

सगळे हसले. कुणाचे तरी वडील हिवाळ्याच्या आत परत जायचं म्हणून उन्हाळ्यात आले होते. त्यांनी माझी बाजू घेतली. "चेष्टा काय करता रे, पोरगी डॉक्टर होतेय," म्हणाले, आणि मग त्यांनीच विचारलं, "पण बाळ, तू गेली आहेस का कधी तिकडे?"

"नाही, काका."

नव्हतेच गेले. आमच्या प्रोफेसरांनी एकदोन राजधान्या पाहिल्या होत्या, तेवढंच. आमच्याकडे येई तो डेटा. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांत माणसं घरोघर फिरून विचारत: जमीन किती, काय पेरलं, गाई किती, शेळ्या किती, काय विकलं, काय घरात खाल्लं. त्या उत्तरांशेजारी आम्ही त्या भागातला पाऊस आणि उष्मा मांडायचो. मग मॉडेलला विचारायचं, की ऊन वाढलं, पाऊस घटला तर शेतकरी मका सोडून बाजरीकडे जाईल का, गाई विकून शेळ्या घेईल का, आणि शेवटी त्याच्या हातात काय उरेल. मॉडेल सांगे. मॉडेल कधीच "माहीत नाही" म्हणत नसे, आणि मला सुरुवातीला त्याचं फार कौतुक होतं. मी सोलापूरची, पण वडील पोस्टात आणि दूध पिशवीतलं. कृषी विद्यापीठाची पदवी घेतली तरी गाईच्या कासेला हात लावायचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

बेसमेंटमधल्या खिडकी नसलेल्या ऑफिसात माझ्यासोबत बसायचा तो मात्र जनावरांचा डॉक्टर होता. नायजरचा. "नायजेरिया नव्हे, नायजर," हे वाक्य त्याला दर आठवड्याला कुणाला तरी ऐकवावं लागे. माझ्यापेक्षा बराच मोठा, डोक्याला थोडी चांदी, आवाज इतका हळू की मी दोनदा "काय?" म्हणायची. तिकडे सरकारी नोकरीत त्याने कित्येक वर्षं लसी टोचल्या होत्या. मग त्याच्या मनानं घेतलं, एकेका गाईला औषध देऊन काही होत नाही, धोरणं बदलली पाहिजेत, आणि धोरणं ठरवणारे अर्थशास्त्रज्ञांचं ऐकतात. म्हणून या वयात हा इकॉनॉमिक्स शिकायला आला. मी त्याला डॉक्टर म्हणे, तो मला सिस्टर.

आमची मैत्री बाजरीवरून जमली. एकदा मी डब्यात भाकरी नेली होती. त्याने तुकडा मोडला, नाकाशी धरला, आणि खरंच डोळे मिटले. त्यांच्याकडे बाजरीचे उंडे करून ते आंबवलेल्या दुधात कुस्करतात, त्याने सांगितलं. "दूध आईच्या गाईंचं." त्याच्या बोलण्यात नेहमी आईच्या गाई असत. वडील गेल्यावर कळप आईकडे आला होता; धाकटे भाऊ चारायला नेत, पण विकायचं-ठेवायचं ती ठरवी. पुढच्या शनिवारी मी त्याला इंडियन स्टोअरमध्ये नेलं आणि बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन दिली. तिथेच आम्ही दोघं फोनकार्डंही घ्यायचो, मी सोलापूरसाठी, तो आईसाठी.

आईचा फोन बाजाराच्या दिवशी. ती गावाहून चालत बाजारात यायची आणि एका दुकानदाराच्या फोनपाशी बसायची. हा इथून शनिवारी सकाळी ऑफिसातून लावायचा. त्यांची भाषा मला कळत नसे, पण आवाज ऐकून काय चाललंय ते समजायचं. एका शनिवारी तो नुसताच ऐकत राहिला. मग कार्डवरचे पैसे संपले.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला होता. बाजरी दाण्यावर येता येता करपली. आई विचारत होती, निम्म्या गाई आत्ताच विकून धान्य भरून ठेवू का? अजून भाव बरा होता. शेजारी काय करावं म्हणून तिच्याकडे बघत होते आणि ती मुलाकडे. मुलगा अमेरिकेत याच गोष्टीचा अभ्यास करतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

त्याने मला समोर बसवलं आणि आम्ही दोघांनी मिळून काढलेला तक्ता उघडला. त्यात स्पष्ट दिसत होतं: कोरड्या वर्षांत जनावरं कमी करून शेतीवर भर देणाऱ्या घरांपेक्षा गाई राखलेली घरं चांगल्या स्थितीत होती. हा आमच्या पेपरमधला सगळ्यात पक्का निष्कर्ष. कुठल्याही बाजूनं तपासला तरी हलत नव्हता.

"तू डॉक्टर आहेस. तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणून विचारशील तर विक म्हणेन. चारा थोडा आहे, आणि अख्खा उन्हाळा अजून काढायचा आहे. पण डॉक्टर एका गावातल्या गाई बघतो, सिस्टर. आपण हजारो घरं बघितलीत."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असतं तर बोलले असते, गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हे. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा सरासरीवर विश्वास ठेवायचा, हेच तर आम्हाला शिकवलं होतं. एका गावावरून देश ठरवू नये, हा धडा आम्ही पाठ केला होता. देशावरून एक गाव ठरवावं का, हे कुणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याने आईला सांगितलं, विकू नकोस, थांब.

ती थांबली. नंतरच्या शनिवारांबद्दल फार लिहवत नाही. आधी चारा संपला. मग सगळ्यांनीच गाई बाजारात आणल्या आणि भाव इतका पडला की गाय देऊन बाजरीचं पोतंही येईना. मग गाई बसायला लागल्या. बसलेली गाय उठवायची कशी, हे तो फोनवर भावांना समजावून सांगायचा. शेपटीच्या बुडाशी धरा, पुढून दुसऱ्यानं उचला, असं हातवारे करून, जणू ते त्याला दिसत होते. बाहेर पार्किंग लॉटमध्ये बर्फ साचलेला. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहायची.

एका शनिवारी फोन लवकर आटोपला.

"संपल्या," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"एक कालवड उरली होती. ती कातड्यासाठी दिली."

त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी कॉफी आणली, ती तशीच गार झाली.

त्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि डेटाची मूळ फाइल काढली. त्याच्याच भागात मागच्या एका दुष्काळानंतर सर्व्हे झाला होता. "आईसारखी घरं शोधतोय," म्हणाला. घरं सापडली. म्हणजे शेतीचे रकाने भरलेले होते, जनावरांचे कोरे. मग आम्ही प्रश्नावली उघडून पाहिली. जनावरांच्या भागातला पहिलाच प्रश्न: तुमच्याकडे जनावरं आहेत का? उत्तर 'नाही' आलं, की विचारणाऱ्यानं पुढच्या भागावर जायचं. होती का, कधी होती, काय झालं त्यांचं, हे विचारायचंच नव्हतं. आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये, प्रोफेसरांच्या आधीच्या प्रकल्पापासून चालत आलेली एक ओळ होती: जनावरं नसलेली घरं वगळा. ती ओळ मी असंख्य वेळा पाहिली होती. सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये असते ती. ज्याच्याकडे गाय नाही त्याला गाईच्या हिशेबात कशाला घ्यायचं?

तर गाई मेलेली घरं आणि कधी गाय न पाळलेली घरं एकाच रांगेत उभी, आणि दोन्ही बाहेर. आत राहिली ती फक्त तगलेली. वर जनावरं कमी झाल्यानं उरलेल्यांचा भाव पुढे चढलेला. त्यांची सरासरी उत्तम येणार नाही तर काय! दुष्काळातून वाचलेल्यांनाच विचारून आम्ही लिहिलं होतं, की दुष्काळातून माणसं वाचतात.

सोमवारी मी प्रोफेसरांच्या खोलीत गेले ती डोकं फिरलेल्या अवस्थेतच. ते फार सज्जन गृहस्थ होते, शरद ऋतूत घरच्या झाडाची सफरचंदं आम्हाला आणून देणारे. त्यांनी सगळं, डॉक्टरच्या आईच्या गाईंचंही, ऐकून घेतलं, प्रश्नावली स्वतः पाहिली, चष्मा काढून ठेवला. "तुझं बरोबर आहे," म्हणाले.

"मग दुरुस्त करू या."

"कशानं? जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर कुठून आणायचं? त्या घरांची काहीच माहिती नाही आपल्याकडे."

"मग तो निष्कर्ष काढून टाका."

अहवाल अनुदान देणाऱ्या संस्थेकडे गेलेला होता. वसंतात त्यांची माणसं येणार, प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरणार. "अभ्यासाच्या मर्यादा सांगतो त्या परिच्छेदात आपण हे नक्की लिहू," ते म्हणाले. आणि मग, अगदी कळवळून, "तुमच्या दोघांच्या असिस्टंटशिपचे पगार याच पैशातून आहेत गं." धमकी असती तर मला भांडता आलं असतं. धमकी नव्हती. त्या माणसाला आमची काळजी होती.

संस्थेच्या लोकांसमोर बोलायचं होतं डॉक्टरला. तिथलाच माणूस बोलतोय, हे त्यांना आवडतं.

"तू नाही म्हण," मी त्याला सांगितलं. "मी बोलते. मी सांगते सगळं."

"सिस्टर, तिकडे आता गाई नाहीत. आई, भाऊ, भावांची मुलं, सगळे मी पाठवतो त्यावर बाजरी विकत घेताहेत. प्रकल्प बंद झाला तर माझा व्हिसा गेला. मग मीही तिथे जाऊन त्यांच्यातच जेवायला बसायचं का?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू मध्ये इंटरफिअर नको करूस. त्याची फॅमिली आहे, त्याला डिसाइड करू दे." त्याचं चुकीचं नव्हतं म्हणून मला त्याचा जास्तच राग आला, आणि मी त्याच्याशी नीट बोलले नाही.

सेमिनारच्या दिवशी डॉक्टरनं सूट घातला होता, खांद्यात जरा सैल. तो छान बोलला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. तक्ते, नकाशे, बाणांनी दाखवलेला बदल. मर्यादांचा परिच्छेद शेवटच्या स्लाइडवर होता. वेळ संपत आला म्हणून प्रोफेसरांनी खुणेनं प्रश्न घ्यायला सांगितलं आणि ती स्लाइड राहिली. मी माझ्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. अजूनही उठून बोलता येईल, असं मनात घोळत होतं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान इतकी थोडी हलवली की दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. मी बसून राहिले.

संस्थेतर्फे आलेल्या बाई वयस्क होत्या, मायाळू चेहऱ्याच्या. त्यांनी हात वर केला. "तुम्ही तर तिथलेच," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरीही गाई आहेत, असं प्रोफेसरांनी मागेच कळवलं होतं. आकडे बाजूला ठेवा. तुम्ही स्वतः जे पाहिलंय त्याच्याशी हे जुळतं का?"

प्रोफेसरांनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं.

"जुळतं," डॉक्टर म्हणाला. "माझ्या आईनं या दुष्काळातही गाई विकल्या नाहीत."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली.